पिठावरचं पाऊल

कुंडलचा केरबा हवालदार सरहद्दीवर गोळ्या झेलून आलेला माणूस. पण घरातल्या फरशीवरच्या चार थेंबांनी त्याची पाचावर धारण बसली.

दोन वर्षांपूर्वी कर्करोगापायी त्याची प्रोस्टेटची गाठ काढली. जीव वाचला, पण लघवीवरचा ताबा गेला. खोकला की धोतर ओलं, हसला की ओलं; आत बांधायची फडकी रोज धुऊन दोरीवर. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावाची सासनकाठी पेलायचा मान त्याच्या घराचा. तो उंचच उंच वेळू कमरेच्या पट्ट्यात घ्यायचा म्हणजे सगळा जोर पोटावर. दोन चैत्र केरबा घरात तोंड लपवून बसला. यंदाही उभा राहिला नाही, तर मान चुलतभावाकडे, लालासाहेबाकडे जाणार होता.

म्हणून त्याने मिरजेत दुसरं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी लघवीच्या नळीभोवती पाण्याने फुगणारं कडं बसवलं आणि त्याची कळ खाली अंडकोषात ठेवली. कळ दाबली की कडं सैल होतं, लघवी होते, दोन-तीन मिनिटांत कडं आपोआप आवळतं. दीड महिन्याने यंत्र सुरू केलं आणि केरबा कोरडा ठणठणीत झाला. गडी इतका खूश, की चारचौघांत मुद्दाम खोकून बघायचा.

आठव्या दिवशी दुपारी तो बाजेवरून उठला आणि उशाशी थेंब दिसले. त्याने धोतर चाचपलं. कोरडं. थेंबांची ओळ स्वयंपाकघरातून आली होती, आणि तिथून देवघराकडे जाऊन उंबऱ्यापाशी थांबली होती.

मग हे रोजचंच झालं. ओळ कधी उशाशी थांबायची, कधी उंबऱ्याशी, पण देवघरात एकही थेंब नसायचा. केरबाच्या मनाने घेतलं, की टेबलावर भूल दिली तेव्हा आपण अर्धे मेलो. तो जुना गळका केरबा मागं राहिलाय, देवाला भिऊन उंबरा ओलांडत नाही, आणि यात्रेच्या दिवशी काठी उचलताच परत अंगात शिरणार. शहाण्याला हसू येईल, पण केरबाला दरदरून घाम फुटायचा.

माणूस गेला की तिकडे पीठ पसरतात, आणि कुणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. एका दुपारी बायको, विजयमाला, वैरणीला गेली असताना केरबाने देवघराच्या उंबऱ्याबाहेर पीठ पसरलं. पांढऱ्या फरशीवर पांढरं पीठ, कुणाच्या ध्यानात येणार? तो पारावर जाऊन बसला आणि दिवेलागणीला घरी आला.

पाऊल उमटलं होतं. लहानसं, टाचेला भेगा पडलेलं, दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खूण. शेजारी दोन थेंबांचे खळगे. मेलेल्यासाठी पसरलेल्या पिठात आपल्या जित्या बायकोचं पाऊल बघून केरबाच्या काळजाचं पाणी झालं. त्याने घाईघाईने पायानेच पीठ पुसलं.

विजयमाला चहा घेऊन आली. तिच्या पायाला पीठ होतं.

"कवापासनं हाय ह्ये?" त्याने विचारलं.

तिने कपबशी खाली ठेवली.

"शंभूच्या बाळंतपणापासनं."

शंभूराज, त्यांचा मुलगा, यंदा चाळिशीला आला होता.

"म्हणून देवघरात जात न्हाईस व्हय?"

"वल्या अंगानं कसं जायाचं? भायेरनंच हात जोडती."

"आगं, मग मला कदी दिसलं कसं न्हाई? दोरीवर फडकी तर माजीच असायची."

"आदी समदं फडक्यात मावायचं, फडकी गोठ्यामागं वाळवायची मी." ती पदराने पाय पुसू लागली. "ही दोन वर्सं तुमच्या फडक्यांत माजीबी खपून गेली. कुनी इचारलं न्हाई. लय सुकात गेली बगा, आवं."