सरावातली आई

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी मास्तर परदेशातून आलेल्या एका रंगाऱ्याशी मराठीत गप्पा मारत. याला शिकवणी म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. पद्धत साधी होती. मास्तर कधी दुकानदार व्हायचे, कधी घरमालक, आणि रंगारी घोकून आणलेली वाक्यं बोलायचा.

"मास्तर, तुम्ही फार लवकर भाव उतरवता," तो हसून म्हणायचा. "बाहेर कुणी असं देत नाही."

गेल्या शनिवारी मात्र तो म्हणाला, "आज तुम्ही आई व्हा."

त्याचा जोडीदार रंगकामाच्या फळीवरून, सहाव्या मजल्यावरून पडून वारला होता. फळीचा दोर गच्चीवर यानं बांधला होता. ते जोडीदाराच्या आईला मराठीत सांगायचं होतं.

मास्तर खुर्चीत अंग चोरून बसले. "जेवला होता का रे तो?"

"हो. माझ्याच डब्यातलं." रंगाऱ्यानं वही मिटली. "आई, दोर मी..."

त्याचा चेहरा मास्तरांना बघवेना. "असू दे बाळा," ते घाईघाईनं म्हणाले, "तुझा काय दोष." आणि त्यांनी तास आटोपता घेतला.

आज तो वही न उघडताच बसला.

"जाऊन आलास?"

"आलो. जेवला का, ते विचारलं. मी सांगितलं. मग तुमचं वाक्य आलंच नाही."

"मग?"

"त्या म्हणाल्या, दोर कुणी बांधला होता? याचा सराव आपण केला नव्हता. मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, त्यानंच बांधला असेल. पहिल्यापासून वेंधळा. बुटाची नाडीसुद्धा मी बांधायचे."

"आणि तू?"

"चहा प्यायलो."

'मी' हा शब्द तर पहिल्याच दिवशी शिकवला होता. दुसऱ्याच्या वतीनं माफी वाटून टाकणारे आपण कोण?

"उद्या परत जातो," रंगारी म्हणाला. "पुन्हा आई व्हा. या वेळी भाव उतरवू नका."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोर कुणी बांधला होता?"

"मी."

रंगारी वाट पाहत राहिला. पुढचं वाक्य मास्तरांनाही येत नव्हतं.