थोरलीच्या आवडीचं

सणाच्या जेवणातल्या मुख्य पदार्थावरून त्या घरात कधी भांडण झालं नाही. भांडणं व्हायची ती तोंडीलावण्यांवरून. मधल्याला व्हिनेगरमधले बटाटे हवेत, तेही असे आंबट की खाणाऱ्याचा एक डोळा मिटलाच पाहिजे. धाकटीला मधातली गाजरं, आणि बटाट्यांचा एक थेंब गाजरांना लागला की बाईसाहेब टेबलाखाली जाऊन बसायच्या. बाबांना कांदा लागायचा तो करपवलेला. करपलेला नव्हे, मुद्दाम करपवलेला, आणि हा फरक ते दरवर्षी नव्या उत्साहाने समजावून सांगायचे. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात. या घरात माणसं मोजकी आणि प्रकृतीच फार होत्या.

थोरलीचं मात्र काही नसायचं.

ती सात वर्षांची होती आणि धाकटी अजून पाळण्यात होती, त्या साली आई सणाच्या आदल्या दिवशी लाँड्रीतून परतली ती सुजलेली बोटं घेऊन. दिवसभर वाफेची इस्त्री. तशाच हातांनी तिने मधल्याचे बटाटे सोलायला घेतले आणि विचारलं, "तुला काय करू गं?" थोरलीने त्या बोटांकडे पाहिलं. म्हणाली, "मला काहीही चालेल." आईने तिला कुशीत ओढलं आणि म्हणाली, "माझं शहाणं लेकरू."

त्या एवढ्या बोलण्यावर तिने पुढची पन्नास वर्षं काढली. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण तिला कुणी सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, राहू दे, आधी धाकटीला पाजू दे. अशी माणसं असतात. त्यांची कीव येण्याआधी मला त्यांचा राग येतो.

बाबा कधीच गेले होते. आई आता एक्याऐंशीची होती आणि दोन वर्षांपासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तिच्याकडे कोण राहणार, हा प्रश्न भावंडांत निघालाच नाही. थोरलीने लग्न केलेलं नव्हतं, तिला काहीही चालत होतं, झालं. तिने आपली खोली सोडली, दोन बॅगा आणल्या आणि आईच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तेवढा वेळ शेजारीण आईपाशी बसायची. दुकानात लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत थोरली दिवसभर एकच प्रश्न विचारी, "आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं?" लोक अर्धा-अर्धा तास घोळ घालत आणि ती न कंटाळता विचारत राही.

पहिल्यांदा आईची "अहो बाई" अशी हाक आली, तेव्हा थोरलीने मागे वळून पाहिलं, कोण बाई आली म्हणून. मागे कुणी नव्हतं. त्या दिवसापासून ती घरातली कामाची बाई झाली. आई तिच्याशी अदबीने बोलायची, "दमलात का हो," म्हणून विचारायची, आणि तेच थोरलीला जास्त लागायचं.

डॉक्टर म्हणाले, फोटो दाखवा. फोटोंचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो बटाट्यांचा. महिन्यापूर्वी मधला आला. तासभर आई त्याला मीटर बघायला आलेला माणूस समजत होती. जेवताना त्याने बटाटा तोंडात टाकला आणि सवयीने कुरकुरला, "व्हिनेगर कमी पडलं." आईचा चमचा थांबला. "आलास होय रे!" ती म्हणाली, आणि त्याचा कान धरून रडली.

आईचं हे पहिल्यापासून असंच होतं. लाँड्रीत पस्तीस वर्षांत तिला गिऱ्हाइकांची नावं कधी आली नाहीत. शाईच्या खिशाचे साहेब आले, गंजक्या बाहीचे मिस्त्री आले, अशी ती माणसं ओळखायची. खूण असली की माणूस सापडायचा.

थोरलीने त्या रात्री ठरवलं की आपल्यालाही खूण हवी. या सणाला टेबलावर आपलं एक तोंडीलावणं असलंच पाहिजे. सत्तावन्नाव्या वर्षी बाई आवड शोधायला निघाली! आठवडाभर दुकानातून येताना ती काही ना काही आणायची, करायची आणि उभ्या उभ्या चाखायची. फ्लॉवर बरा होता. वाटाणेही बरे होते. सगळंच बरं होतं, हीच तर पंचाईत. शेवटी तिने लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, लसणाच्या तेलात घातली. दिसायला छान दिसत होती, म्हणून तीच आपली आवड, असं तिने स्वतःला बजावलं.

सणाच्या दिवशी दुपारी सगळे जमले. बटाट्यांनी मधला ओळखला गेला. गाजरं पुढे येताच आई टेबलाखाली वाकून बघू लागली, आणि पन्नाशीची धाकटी, गुडघे दुखत असताना, खरोखर टेबलाखाली जाऊन बसली. "सापडली, सापडली!" आई टाळ्या पिटत होती. सगळे हसत होते, रडत होते. थोरलीने मिरचीची वाटी आईपुढे सरकवली.

आईने चव घेतली. "छान झालंय. कुणाचं हे?"

"ताईचं," मधला म्हणाला.

"कुणाची ताई?"

"आमची. तुझी थोरली, आई."

आईने मान हलवली. "थोरलीचं नाही हे. थोरलीला तर..." ती थांबली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, बोटं टेबलक्लॉथवर काहीतरी चाचपू लागली. "थोरलीला..." सगळे वाट बघत होते. आईचा चेहरा हळूहळू विस्कटला. "अगं बाई गं. पोटची पोर, आणि मला आठवत नाही तिला काय आवडतं ते. म्हणूनच येत नाही ती. किती दिवसांत आली नाही. रुसली असेल."

"आई, अगं ही काय..." धाकटी बोलू लागली, पण आईने थोरलीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"बाई, तुम्ही घरात असता. तुम्हाला ठाऊक असेल. काय आवडतं हो तिला? ती यायच्या आत करून ठेवू."

थोरलीला खरंच सांगायचं होतं. तिने मनात पन्नास वर्षांची टेबलं धुंडाळली. तिथे बटाटे होते, गाजरं होती, कांदा होता. ती म्हणाली, "मला नाही ठाऊक."

आईने डोळे पुसले. मग उठून एक मोठी ताटली घेतली आणि प्रत्येक वाटीतलं काढू लागली. बटाटे, गाजरं, मिरची, निगुतीने, एकात एक मिसळू न देता. वाट्या रिकाम्या होईपर्यंत ती काढत राहिली. "यातलं एखादं तरी आवडत असेल तिला," ती म्हणाली, आणि ताटलीवर झाकण ठेवलं. सगळ्यांना वाढण्यात थोरलीचं जेवण राहिलं होतं. तिने आपली प्लेट पुढे केली, तशी आईने ताटली जवळ ओढली. "रागवू नका हं बाई. हे थोरलीचं आहे."

मधला तोंड फिरवून खिडकीकडे गेला. आई ताटलीवर हात ठेवून दाराकडे बघत बसली.

थोरली उठली. तिने दुकानात जातानाचा कोट चढवला, केस नीट केले, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आपण वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक गोष्ट मनापासून हवी होती. तिने बेल दाबली. आतून आईची लगबग ऐकू आली. "आली, आली बघा!" आणि दार उघडलं.

"आई," ती म्हणाली, "मी आले."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद उतरला, तरी ती अदबीने बाजूला झाली.

"काही राहिलं का हो बाई तुमचं?"

थोरली उंबऱ्यात उभी राहिली. आत भाऊ आणि बहीण एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"हो," ती म्हणाली. "भांडी घासायची राहिलीत."

"घासा, सावकाश घासा," आई म्हणाली. "दार मात्र लावू नका. माझी थोरली यायचीय अजून."