शार्दूलची शतपावली

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी शार्दूल बसायची प्रॅक्टिस करत होता.

स्वयंपाकघरातली खुर्ची त्याने भिंतीला टेकवली, दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले आणि फ्रिजकडे बघत बसला. आधी उजवी टाच हलायला लागली, मग गुडघा. मग तो ताडकन उठला, पॅसेजमधून बाहेरच्या दारापर्यंत गेला, परत आला आणि पुन्हा बसला.

"ताई, तू जज हो. मला काहीतरी विचार."

अरुणा कणीक मळत होती. आवाज जड करून ती म्हणाली, "मिस्टर मेश्राम, हाऊ आर यू फीलिंग टुडे?"

"व्हेरी वेल, थँक यू," म्हणता म्हणता तो उठलाच. "छे! बघ, नेमकं तेव्हाच."

"उभा राहून बोललास तर बिघडलं कुठे?"

"तुला माहीत नाही त्यांचं. उठलं की अ‍ॅजिटेटेड. खिडकीशी गेलं की डिस्ट्रॅक्टेड, असं लगेच लिहून घेतात. त्या लोकांना बुडाने शहाणी माणसं आवडतात."

ती हसली, पण हात कणकेतच थबकले.

शार्दूल तिच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा. नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इंग्लंडला आला आणि लंडनमध्ये खोली घेऊन राहू लागला. मागच्या हिवाळ्यात त्याने फोन उचलणं बंद केलं. ती वॉटफर्डहून त्याच्या खोलीवर गेली तेव्हा खिडक्यांच्या फटी, हवेसाठी ठेवलेली जाळी, गॅसच्या बॉयलरची धूर बाहेर सोडणारी नळी, सगळं चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. शेजारी त्यातून ऐकतात, असं त्याचं म्हणणं. अरुणा केमिस्ट्री शिकलेली, प्रयोगशाळेत नोकरी करणारी. त्याच्या बोलण्यापेक्षा तिला त्या नळीची भीती वाटली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी बॉयलर बंद केला, मग सगळी दारं उघडली आणि मगच त्याला जवळ घेतलं.

मग त्याला मानसिक आजारासाठी हॉस्पिटलात ठेवलं. तिथून सोडलं ते नव्या कायद्याखालच्या आदेशावर. राहायचं बहिणीकडे, पण दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं. तेलातलं औषध, स्नायूत टोचायचं, हळूहळू रक्तात उतरणारं. चुकवलं, तर परत वॉर्डात. हा आदेश उठवावा म्हणून शार्दूलने अर्ज केला होता आणि उद्या तिघांच्या पॅनेलपुढे त्याची सुनावणी होती. आईबाबा नागपुरात, त्यामुळे इथल्या कायद्याच्या लेखी त्याची सगळ्यात जवळची नातेवाईक अरुणा. तिलाही विचारणार होते.

"उद्या बोलशील ना माझ्यासाठी?" त्याने पॅसेजमधूनच विचारलं.

"बोलेन."

काय बोलणार ते तिने सांगितलं नाही. आदेश उठला की तो इंजेक्शन सोडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि मग ती नळी.

"बसून जेव रे," पोळी वाढताना ती म्हणाली. तो ताटली हातात घेऊन दारापर्यंत गेला आणि वळला.

या चालण्याचं आता घरात कुणाला काही वाटत नसे. बाबा जेवण झालं की फॅक्टरीच्या क्वार्टर्ससमोर हात पाठीमागे बांधून फेऱ्या घालायचे. फोनवरून शार्दूलची पावलं ऐकू आली तेव्हा आई हरखून म्हणाली होती, "शतपावली करतो का गं? बापावर गेला शेवटी!" काही दिवसांनी मॉरीन, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, ऐन जेवणाच्या वेळी आली. शार्दूलच्या येरझाऱ्या बघून तिने भुवया उंचावल्या. अरुणाला उगाच ओशाळल्यासारखं झालं. "जेवल्यावर चालायची आमच्याकडे पद्धत आहे," ती म्हणाली. "शतपावली म्हणतात." मॉरीनला ते भारी आवडलं. तिने तो शब्द घोकून घोकून पाठ केला. आयर्लंडमधली तिची आजीसुद्धा रविवारी सगळ्यांना जेवल्यावर फिरायला पिटाळायची म्हणे.

सकाळी शार्दूलने काही खाल्लं नाही. फक्त पाणी प्यायला.

सुनावणीची खोली हॉस्पिटलच्याच एका टोकाला होती. लांब टेबल, मधोमध पाण्याचा काचेचा जग. पलीकडे जजबाई, एक म्हातारे डॉक्टर आणि तिसरे एक गृहस्थ. अलीकडे शार्दूल, त्याची सॉलिसिटर, अरुणा, मॉरीन आणि त्याच्यावर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे कन्सल्टंट. कन्सल्टंट नवे होते, त्याला जेमतेम दोनदा भेटलेले.

शार्दूल बसला. उत्तरं मोजून मापून देत होता. हो, आजारी होतो. नाही, आता कुणी ऐकतं असं वाटत नाही. अरुणाला अभिमान वाटला. मग तिचं लक्ष जगाकडे गेलं. पाण्यावर बारीक वलयं उठत होती. टेबलाला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. तिने खाली वाकून पाहिलं. शार्दूलने टेबलाचा पाय दोन्ही पोटऱ्यांमध्ये आवळून धरला होता आणि तो पाय थरथरत होता.

"मिस्टर मेश्राम," म्हातारे डॉक्टर म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला भेटलो तेव्हा तुम्ही सारखे चालत होता. नेहमीच असं होतं?"

मॉरीन मदतीला धावली.

"ती त्यांची पद्धत आहे, डॉक्टर. शाटापावली. जेवल्यावर चालायचं. त्यांच्या बहिणीनेच सांगितलंय मला. किती छान ना!"

डॉक्टरांनी मान डोलावली. ते पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात अरुणाच्या मनात आलं, जेवल्यावर? पण याने तर सकाळपासून काहीच खाल्लं नाही.

आणि मग एकेक आठवत गेलं. जेवणाआधीच्या फेऱ्या, आंघोळीआधीच्या, टीव्ही अर्धवट सोडून घातलेल्या. बाबांची शतपावली संथ असायची, वाटेत कुणी भेटलं की थांबायची. हा कधी थांबला होता? आणि इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी कधी असा चालला होता? प्रयोगशाळेत असं निरीक्षण कुणी समोर ठेवलं असतं, तर तिने दहा शंका काढल्या असत्या. घरात मात्र आईने एक नाव दिलं आणि अरुणाने बघणंच सोडून दिलं.

गप्प बसावं का? पायांचा दोष औषधाचा ठरला, तर उद्या औषधच जाईल. तिच्या डोळ्यांपुढे चिकटपट्टी गुंडाळलेली नळी आली.

"मिस मेश्राम," जजबाईंनी विचारलं, "आदेशाबद्दल तुमचं काय मत आहे?"

"आदेश राहू द्यावा," अरुणा म्हणाली.

शार्दूलने झटकन मान वळवली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलताच आलं नसतं.

"पण एक चूक सुधारायची आहे. हे चालणं शतपावली नाही. मी मॉरीनला चुकीचं सांगितलं. शतपावली पोट भरल्यावर, सावकाश करायची असते. हा उपाशी आहे. आत्तासुद्धा टेबलाचा पाय धरून बसलाय. इंजेक्शन सुरू झाल्यापासून हे आहे. त्याआधी नव्हतं. याला आजार म्हणू नका आणि आमची पद्धतही म्हणू नका."

मॉरीन लालबुंद झाली होती.

डॉक्टर पुढे झुकले. "मिस्टर मेश्राम, त्रास मनात होतो की पायात?"

"पायात," शार्दूल म्हणाला. "हाडांच्या आत..." तो अडखळला. "वेड्यासारखं वाटेल."

"वाटू दे."

"हाडांच्या आत कुणीतरी निघालंय आणि मी त्याच्याबरोबर गेलो नाही, तर सोलून निघेन, असं."

"आता उठा," डॉक्टर म्हणाले. "उभं राहूनच बोला. मी असे पाय पूर्वी पाहिलेत. औषधाने होणारी तगमग आहे ही."

शार्दूल उठला. उरलेली सगळी सुनावणी त्याने खिडकी ते दार अशी चालत ऐकली आणि ते कुणी लिहून घेतलं नाही.

आदेश कायम राहिला. कोणतं औषध द्यायचं हे पॅनेलच्या हातात नव्हतं, पण कन्सल्टंट सगळ्यांदेखत म्हणाले की पुढचं इंजेक्शन ते थांबवतील, याच आठवड्यात त्याला बोलावतील आणि दुसरं औषध शोधतील.

बाहेर बसस्टॉपवर शार्दूल थांबला नाही. ती मागून जवळजवळ पळत होती.

"काल का नाही सांगितलंस?" तो न वळता म्हणाला.

"तू आला नसतास."

"नसतोच आलो. बोलेन म्हणालीस!"

"बोलले की."

"हो, बोललीस. मोठी आलीस जज!" तो पुढे निघून गेला. सिग्नलला दिवा लाल होता. तिथे जागच्या जागी पाय हलवत तो उभा राहिला. दिवा हिरवा झाला तरी रस्ता ओलांडला नाही. ती पोचल्यावरच निघाला.

"सहा महिने, ताई," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मला वाटलं, मीच पुन्हा बिघडतोय. म्हणून बोललो नाही कुणाला."

"मी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं. सायंटिस्ट ना तू?"

घरी तिने खिचडी टाकली. दुपार सरत आली होती. शार्दूल ताटली घेऊन पॅसेजमध्ये गेला. "बस" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला. आपली ताटली घेऊन तीही ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. नागपुरात जेवणं आटोपली होती.

"जेवला का गं शार्दूल?" आईने विचारलं. तिला एवढंच माहीत होतं की पोराला ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत. "हे काय, पावलं वाजतात. शतपावली चालली ना?"

अरुणाने पॅसेजकडे पाहिलं. पावलं थांबली होती. ताटली हातात धरून शार्दूल तिच्याकडे बघत होता. त्याच्या डाव्या टाचेने जमिनीवर ठेका धरला होता. मग त्याने मान हलवली, सांग अशी.

"नाही आई," अरुणा म्हणाली. "बाबांना पण बोलाव. फोन दोघांच्या मध्ये धर."

पॅसेजमध्ये पावलं पुन्हा सुरू झाली.