सहीची ओळ

"ओढा आता," चाचणी विभागाच्या वेई मॅडम म्हणाल्या, आणि रुई-हुआननं नेटवर्क स्विचच्या पाठीमागची वीजतार उपटली.

आतल्या पंख्यांची घरघर बसत बसत थांबली. त्यानं मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि तार परत खोचली. पंखे फिरले, पुढचा हिरवा दिवा लागला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी हूं नाही की चूं नाही.

"मेला?"

"मेला. आता खोलून आतली चिप नव्यानं भरल्याशिवाय उठायचा नाही."

"म्हणजे नवीन आवृत्ती बसवताना मध्येच वीज गेली तर गिऱ्हाइकाच्या हातात नुसता पत्रा उरणार." मॅडमनी स्विचवर ठेवलेलं हिरवं पाकीट उचललं. "पंगदादा, ह्याची तारीख जूनमध्ये उलटलीय. म्हणून तर मेला नाही ना?"

ह्या शिन्चू शहरात यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून त्यांच्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवतात. ते हिरवंच लागतं आणि तारीख उलटलेलं अजिबात चालत नाही. चिप बनवणारी मोठमोठी डोकीसुद्धा ह्या बाबतीत जोखीम घेत नाहीत. रुई-हुआननं पाकीट मॅडमच्या हातातून अलगद घेतलं आणि होतं तिथेच ठेवलं.

"आमूनं ठेवलंय ते," तो म्हणाला.

मॅडमनी हात मागे घेतला.

पंग रुई-हुआन बावन्न वर्षांचा होता आणि त्यातली चोवीस वर्षं ह्याच कंपनीत गेली होती. कंपनी स्विच बनवायची. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत सगळ्या संगणकांच्या तारा ज्या चपट्या डब्यात येऊन मिळतात तो हा स्विच. कारखान्यातून निघतो तेव्हा तो अगदी कोरा असतो. पहिल्यांदा वीज मिळाली की त्याच्या पोटातला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तारेवर चहूकडे हाका मारतो, 'कुणी आहे का? माझ्यात काय बसवायचंय?' उत्तर आलं की मोठी सिस्टिम आणून बसवतो आणि मुकाट्यानं बाजूला होतो. काम सुईणीचं, आणि बाई सुखरूप सुटल्यावर सुईणीला विचारतो कोण?

हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगात कुणीही तो घ्यावा, वाचावा, चुकलेलं दुरुस्त करून पाठवावं. मात्र आलेली दुरुस्ती घ्यायची की परत पाठवायची हे ठरवायला दारावर माणूस लागतो, आणि कंपनीच्या सगळ्यात जुन्या स्विचच्या दारावर पंधरा वर्षं रुई-हुआन बसला होता. त्याबद्दल वेगळा पगार नव्हता, कौतुक तर नाहीच. काही बिघडलं की मात्र ब्राझीलपासून पोलंडपर्यंतची माणसं त्याच्या नावानं बोटं मोडायची.

त्या दाराचा एक नियम त्यानं कधी वाकवला नव्हता. दुरुस्ती पाठवणाऱ्यानं तळाला एक ओळ लिहायची, 'हे काम माझं आहे आणि मी ते सगळ्यांना देतो आहे', आणि तिच्यापुढे स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव. हिला सहीची ओळ म्हणत. ती नसेल तर दुरुस्ती कितीही सोन्यासारखी असो, परत. मेलेल्या माणसाचं काम असेल तर त्याचा वारस स्वतःच्या नावानं सही करू शकतो, पण दुसऱ्याचं नाव कुणीही लिहायचं नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी शेवटची आवृत्ती निघतेय," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर हा स्विच यादीतून काढून टाकणार. मग कुणी कितीही चांगलं काम पाठवलं तरी घ्यायला दारच राहणार नाही. फानसरांची ती दुरुस्ती तुमच्याकडे पडलीय ना? तिनं हा मेला नसता."

"तिच्यावर सही नाही."

"मग घाला ना! त्यांचंच तर काम आहे. तीन शब्दांचं नाव, कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना," रुई-हुआन म्हणाला.

मॅडमनी हात जोडल्यासारखं केलं. "मग स्वतःची लिहा. एक्केचाळीस ओळी आहेत, तुमचा अर्ध्या दिवसाचा खेळ."

ते त्यानं करून बघितलं नव्हतं असं नाही. तीनदा कोरी फाइल उघडली होती. पण आमूच्या एक्केचाळीस ओळी त्याला तोंडपाठ होत्या. तो जे लिहिणार ते आमूचंच, फक्त वरचं नाव खरवडून काढलेलं. त्याला चोरी म्हणतात.

फान त्सुन-मू, म्हणजे आमू, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. दोघांनी शेजारशेजारच्या खुर्च्यांत अर्धं आयुष्य काढलं. हे दार आधी आमूचं होतं. सहीच्या ओळीचा आग्रहही त्याचाच. रुई-हुआनची पहिली दुरुस्ती त्यानं आठ वेळा परत पाठवली होती, आठव्यांदा तर ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त सुटली म्हणून. "अरे, शेजारी तर बसलोय, सांग ना तोंडानं!" रुई-हुआन ओरडायचा. "दारावर ये," आमू पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "शेजारी मी तुझा मित्र आहे, दारावर मी तुझा कुणी नाही."

मग आमूला यकृताचा कर्करोग झाला. रुई-हुआन दवाखान्यात गेला की आमू आधीच दम भरायचा, "तोंड पाडून बसणार असलास तर घरी जा. आजाऱ्यासारखं वागवू नकोस मला." फेब्रुवारीत, घरी आणल्यावर, त्यानं अंथरुणातून ती दुरुस्ती पाठवली. नवी आवृत्ती नीट उभी राहीपर्यंत जुनी पुसायची नाही, एवढीच गोष्ट. वीज गेली तर स्विच जुन्यावर उठेल. इतकी साधी आणि इतकी सुंदर, की रुई-हुआन खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तळाला मात्र सहीची ओळ नव्हती.

आणि त्यानं काय करावं? आठ परतींची परतफेड करायची ही एकच संधी, शिवाय आजाऱ्यासारखं वागवायचं नाही हा हुकूम. त्यानं सगळ्यांसमोर, दारावर, दोन वाक्यं लिहिली. 'सहीची ओळ नाही. पुन्हा पाठव.' लिहून एकटाच हसला. आमू चडफडेल, शिव्या देईल, सही करून पाठवेल.

चौथ्या दिवशी आमू गेला.

तेव्हापासून आठ महिने रुई-हुआन आमूच्या गावाच्या, शिनपूच्या, रस्त्याला गेला नव्हता. अंत्यविधीलाही मागच्या रांगेत उभा राहून निघून आला. वहिनींच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? चोवीस वर्षांच्या मैत्रीत त्याचे शेवटचे शब्द 'पुन्हा पाठव' हे होते. जेवताना, गाडी चालवताना, दात घासताना ते त्याला आठवायचं.

गुरुवारी सकाळी मात्र त्यानं रजा टाकली आणि शिनपूला गेला.

ऑक्टोबर संपत आला होता. डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता आणि अंगणात बांबूच्या गोल सुपांवर सोललेली पर्सिमनची फळं वाळत घातली होती, नारिंगी, ओळीनं, शेकड्यांनी. लो चिन-मेई, आमूची बायको, सुपांमधून फिरत एकेक फळ अंगठ्यानं चेपत होती. तिची बोटं रसानं काळपट झाली होती.

"आलात?" ती मान वर न करता म्हणाली. "मला वाटलं, रस्ता विसरलात."

"वहिनी..."

"बसा. आधी त्या टोकाची सुपं फिरवा, ऊन सरकलंय. मग बसा."

त्यानं निमूटपणे सुपं फिरवली. तिनं चहा आणला, बशीत चपटे केलेले दोन पर्सिमन ठेवले. तो खाईना तशी म्हणाली, "खा हो. तोंड पाडून बसलेलं ह्यांना चालायचं नाही."

मग त्यानं सांगून टाकलं. शुक्रवार, शेवटची आवृत्ती, वारसाची सही. आणि ते सांगता सांगता जे सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं. "मी परत पाठवलं, वहिनी. त्याचं शेवटचं काम मी परत पाठवलं. गंमत केली मी. त्याला ते... मला माहीत नाही त्यानं वाचलं की नाही. वाचलं असलं तर..."

"वाचलं," चिन-मेई म्हणाली.

रुई-हुआननं पेला खाली ठेवला.

"हसले. किती दिवसांनी हसले, खोकला येईस्तोवर. म्हणाले, 'चिन-मेई, बघ, गाढव बसलाय माझ्या दारावर. दगड झालाय नुसता. मीच घडवलाय.' मग म्हणाले, लॅपटॉप दे, सही करायचीय." तिनं जवळच्या सुपातलं एक फळ पालथं केलं. "पण बोटं ऐकेनात. औषधानं हात कापायचे. एक अक्षर लिहायचे आणि दोन भलतीच उमटायची. मग पुसत बसायचे. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. तर माझ्यावर खेकसले. 'तुझ्या हातानं चालत नाही. रुई-हुआन ओळखेल. परत पाठवेल.' दोन तास बसले होते, भाऊजी. घाम फुटला. मग म्हणाले, उद्या करू."

"मी ओळखलं नसतं," रुई-हुआन म्हणाला. "वहिनी, शपथेवर सांगतो, मी काही ओळखलं नसतं. घेतलं असतं."

"ते त्यांना ठाऊक नव्हतं ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तिनं त्याला आत नेलं. खिडकीपाशी छोट्या टेबलावर आमूचा लॅपटॉप उघडाच होता. तार भिंतीत खोचलेली, आणि ती चुकून बंद होऊ नये म्हणून खटक्यावर चिकटपट्टी लावलेली.

"मी बंद केला नाही कधी," चिन-मेई म्हणाली. "बंद केला तर ते पुसलं जाईल असं वाटायचं. ऑगस्टच्या वादळात वीज गेली तेव्हा असाच उघडा उचलून देवळात नेला, तिथे जनरेटर आहे. दीड दिवस देवापुढे बसले होते ह्याला मांडीवर घेऊन. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं."

यंत्र केव्हाच स्वतःहून सगळं जपून ठेवत होतं, बंद केलं असतं तरी काही पुसलं गेलं नसतं. रुई-हुआन हे बोलला नाही.

तिनं एक कळ दाबली आणि पडदा उजळला. वर एक्केचाळीस ओळी. तळाला सहीची ओळ, आणि तिच्यापुढे 'फान त्सुन'. पुढे काही नाही. नुसती कर्सरची कांडी लुकलुकत होती, आठ महिने तिथेच.

तो उभ्या उभ्या रडला. चिन-मेईनं त्याला रडू दिलं. मग एप्रनला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"माझं नाव चालेल म्हणालात ना?"

"चालेल. तुमच्याच हातानं. खालच्या ओळीवर."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिनं आपलं नाव लिहिलं. मध्ये दोनदा चुकली, त्यानं कळ दाखवली पण स्वतः दाबली नाही. लो चिन-मेई. मग तिनं वरच्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि ही वरची ओळ? राहू दे ना. दोघांची नावं राहू देत."

रुई-हुआनला उत्तर माहीत होतं. ते देणं जिवावर आलं. "अर्धं नाव आत घेत नाही, वहिनी. आत घेताना यंत्रही सही तपासतं. त्या ओळीसकट पाठवलं तर परत येईल. ते काम त्याचं, हे वर लिहिलेलं आहेच, ते राहतं. पण सही... ही सही झाली नाही."

खिडकीबाहेर वाऱ्यानं एक सूप हललं. ती उठली.

"मला नाही जमणार ते," ती म्हणाली. "तुम्ही करा. सुपं बघून येते." आणि बाहेर गेली.

तो खुर्चीवर बसला. कांडी 'फान त्सुन'च्या शेवटी नेली. ज्या माणसानं ही एवढी अक्षरं लिहायला दोन तास घेतले होते, त्याची ती अक्षरं पुसायला एकेक कळ पुरत होती. सबंध ओळ एका फटक्यात पुसता आली असती, पण तसं त्याच्यानं झालं नाही. त्यानं एक अक्षर पुसलं, थांबला, दुसरं पुसलं. शेवटचं गेलं तेव्हा अंगणात चिन-मेई पाठमोरी उभी होती आणि तिच्या हातात एकही फळ नव्हतं.

शुक्रवारी दुपारी वेई मॅडमनी स्वतः वीजतार ओढली. चिन-मेईच्या सहीनं आलेल्या दुरुस्तीसह चिप नव्यानं भरलेला तोच स्विच, आत नवी आवृत्ती अर्धी बसलेली. पंखे थांबले. तार परत खोचली. दोघं पडद्यावर वाकले. तेवढ्यात पडद्यावर पहिली ओळ आली, मग दुसरी, मग जुनी आवृत्ती शांतपणे उठून हाका मारायला लागली, 'कुणी आहे का?'

"उठला!" मॅडम ओरडल्या. त्यांनी पर्समधून कोरं हिरवं पाकीट काढलं, पण रुई-हुआनकडे बघून ते टेबलावर नुसतं ठेवलं आणि निघून गेल्या. रुई-हुआननं थोड्या वेळानं ते स्विचवर ठेवलं. जुनं आपल्या पिशवीत टाकलं.

मग त्यानं दुरुस्ती आत घेतली. नोंद झाली: काम फान त्सुन-मूचं, सही लो चिन-मेईची, दारावर पंग रुई-हुआन. आता ह्यात कधीच कुणाला काही बदलता येणार नव्हतं.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"भाऊजी, मला पत्र आलंय त्या लॅपटॉपवर," चिन-मेई म्हणाली. "इंग्रजीत आहे. माझं नाव दिसतंय त्यात. काही चुकलं का?"

त्याला माहीत होतं ते पत्र. पहिल्यांदाच सही करणाऱ्या प्रत्येकाला यंत्र आपोआप पाठवतं.

"नाही, वहिनी. स्वागत केलंय तुमचं. पहिल्यांदाच आलात म्हणून."

"असं होय." पलीकडे वारा ऐकू येत होता. "आणि ह्यांना? ह्यांना काही आलंय का?"

रुई-हुआननं समोर बघितलं. फेब्रुवारीतलं आमूचं पत्र उघडंच होतं, आणि त्याखाली त्याची स्वतःची दोन वाक्यं. सहीची ओळ नाही. पुन्हा पाठव.

"लिहितोय," तो म्हणाला. "फोन ठेवू नका."

त्या दोन वाक्यांखाली त्यानं एक शब्द लिहिला, 'घेतलं', शेवटी मोकळी जागा जास्त सुटली नाही ना ते दोनदा पाहिलं, आणि पाठवून दिला.