बायकांची खिडकी

आमच्या वाचनालयाची नवी इमारत मोठी देखणी झाली. उंच छत, भरपूर उजेड, लांबलचक टेबलं. आणि बायकांसाठी? मागच्या बोळात एक खिडकी! बाहेर उभं राहून नाव सांगायचं, गजांतून पुस्तक घ्यायचं आणि चालू लागायचं. पहिल्यापासूनची रीत, म्हणे. टेबलं, खुर्च्या आणि ती खिडकी एकाच सुताराने केली होती.

त्याच सुताराच्या मुलीची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा आठ दिवसांवर आली होती. पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर मामाने आणलेलं स्थळ. घरात तसं ठरूनच गेलं होतं. शरीररचनेचा जाडजूड ग्रंथ फक्त वाचनालयात होता आणि तो बाहेर द्यायचा नियम नव्हता. तीन दिवस तिने खिडकीशी विनवण्या केल्या. ग्रंथपाल माणूस वाईट नव्हता, पण कमिटीपुढे ब्र काढायची त्याची छाती नव्हती. त्याने सुचवलं, वडिलांना पाठव, ते उतरवून आणतील.

वडिलांना अक्षरओळख नव्हती. तरी जमेल म्हणाले. काम बंद ठेवून चार दिवस त्या बिचाऱ्याने नक्षी उतरवावी तसं एकेक अक्षर रेखलं. लेकीने रक्ताभिसरणाचं प्रकरण सांगितलं होतं. ते कुठलं, हे चारचौघांत विचारायची लाज वाटली, म्हणून त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी लेकीने अकरा कागद वाचले.

"बाबा, ही प्रस्तावना आहे. यात नुसते आभार मानलेत."

तो तसाच उठला. तिचा हात धरून पुढच्या दाराने थेट वाचनकक्षात आला, तिला खुर्चीवर बसवलं आणि ग्रंथ पुढे ठेवला. कमिटीचे अध्यक्ष धावत आले आणि त्यांनी नियम ऐकवला.

"खुर्ची केली तेव्हा बाईने बसायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं," सुतार म्हणाला.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे वाचनालय बंद केल्याचं जाहीर केलं. तोवर तिची जेमतेम नऊ पानं झाली होती. थोडक्या गुणांनी नापास झाली पोर. महिन्याभरात लग्न लागलं.

त्या दुपारी तिथे आम्ही सतराजण होतो, सगळे लेकीबाळींचे बाप. "वाचू दे हो तिला," इतकं म्हटलं असतं तरी अध्यक्ष नमले असते. ती मान वर न करता वाचत होती. आम्ही वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या आणि मुकाट्याने बाहेर पडलो.