पडणारे चोक्कलिंगम

दिंडिगलच्या नाटक कंपनीत चोक्कलिंगम पहिल्यांदा रंगमंचावर आले ते राजा म्हणून. धोतरात पाय अडकला आणि सिंहासनासकट कोसळले. लोकांनी डोक्यावर घेतलं. मालक म्हणाला, "उद्यापासून रोज पड." तेव्हापासून ते पडतच राहिले. पुढे सिनेमात आले, तिथेही विहिरीत पडले, शेणात पडले, सासऱ्याच्या अंगावर पडले. कनकवल्ली त्यांची पडद्यावरची बायको. झाडू घेऊन त्यांच्यामागे धावण्यात तिची उमर गेली होती. एरवी ती त्यांना अण्णा म्हणायची.

गुडघे गेले, नवे विनोदी नट आले, तसं दोघांचंही काम आटलं. अशात याळिनी नावाची तरुण दिग्दर्शिका चोक्कलिंगमच्या घरी आली. अपघातात गेलेल्या मुलाचं प्रेत आणायला निघालेल्या बापाची भूमिका तिने त्यांच्यापुढे ठेवली. आईच्या भूमिकेसाठी कनकवल्लीला विचारलं.

"अण्णा, तुम्ही रडायला लागलात की थिएटर हसून लोळेल," कनकवल्ली म्हणाली.

"हसू दे ना. इतकी वर्षं मीच सवय लावलीय."

"आणि मी?"

"तू झाडू घरी ठेवून ये."

तिने चेष्टा केली खरी, पण मनातून तीही घाबरली होती. निर्मात्याने तर याळिनीला तोंडावर सांगितलं होतं, "या माणसाला घेऊन माझं वाटोळं करशील."

शवागाराचा प्रसंग घेतला त्या दिवशी कनकवल्ली कॅमेऱ्यामागे उभी होती. कागदावर लिहिलं होतं, बाप चादर वर करतो आणि हंबरडा फोडतो. चोक्कलिंगमनी चादर वर केली. बराच वेळ बघत राहिले. मग पायाशी गेले, खांद्यावरच्या पंच्याने मुलाच्या बोटांमधला चिखल पुसला. एका पायात चप्पल होती, दुसरा मोकळा. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं आणि दारातल्या शिपायाला अगदी हळू विचारलं, "दुसरी कुठंय हो? एका चपलेवर घरी कसा येईल तो?"

हे वाक्य कागदावर नव्हतं. याळिनी 'कट' म्हणायचंच विसरली.

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी मदुरैच्या थिएटरात तिघं मागच्या रांगेत जाऊन बसले. चोक्कलिंगम पडद्यावर दिसले मात्र, शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. ते बसमधून उतरले, लोक हसले. त्यांनी पाणी मागितलं, तरी हसले. याळिनीने ओढणीत तोंड लपवलं. कनकवल्लीने तिचा हात घट्ट धरला. चोक्कलिंगम मात्र शेंगदाणे सोलत शांत बसले होते.

शवागाराचं दार उघडलं तेव्हाही कुणीतरी ओरडलं, "अरे, आता पडतोय बघ!" पुन्हा हशा. ते टेबलाखाली वाकले, तेव्हा हशा अर्ध्यावर तुटला. "दुसरी कुठंय हो?" ऐकल्यावर कुणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाने लुंगीच्या टोकाने डोळे पुसले. सिनेमा संपल्यावरही लोक उठेनात.

बाहेर आल्यावर गर्दीने त्यांना ओळखलं. एरवी माणसं गाल ओढायची, 'एकदा पडून दाखवा' म्हणायची. आज अंतर ठेवून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने नुसताच त्यांचा हात धरून ठेवला.

कनकवल्ली पुढे आली. ती सरळ वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं ए, ऊठ," चोक्कलिंगम गडबडून म्हणाले, "लोकांना वाटेल, आता तूही पडायला लागलीस."

सगळी गर्दी एकदम हसली. तो म्हाताराही हसला, डोळे पुसत, आणि त्याने धरलेला हात काही सोडला नाही.