टबातली मगर आणि तपासणीबाई

टिकलीनं शाळेत सांगितलं, "आमच्या टबात मगर आहे. मी तिला रोज आंघोळ घालते." झालं! शाळेतून फोन गेला थेट मुलं दत्तक देणाऱ्या कचेरीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीबाई दारात हजर. भुवया इतक्या वर चढलेल्या, की आणखी थोड्या चढत्या तर केसांतच हरवल्या असत्या!

दार उघडलं प्लंबरबाईनं. टिकली वर्षभर तिच्याकडेच वाढत होती. ती कायमची लेक व्हायला कचेरीचा होकार तेवढा बाकी होता. तपासणीबाईंना पाहून प्लंबरबाई गडबडली. हातातला पाना तिनं घाईघाईत चपलेत ठेवला.

"मगर कुठाय?"

"अहो, गोष्ट आहे ती! मीच सांगते तिला."

"म्हणजे पोरीला थापा मारता. आमच्या कचेरीला हे चालत नाही. गोष्टी बंद, नाहीतर होकार विसरा."

प्लंबरबाईच्या ओठांवर 'बरं' आलंच होतं. तेवढ्यात दाराआडून बघणारी टिकली दिसली, तोंड एवढंसं झालेलं. 'बरं' गिळलं तिनं.

"बाई, नवीन कायदा आलाय ना? पोराला धोका असेल तरच कचेरीनं अडवायचं. घरात काय बोलायचं ते घरच्यांनी ठरवायचं. तुम्हीच तर आम्हा पालकांना बसवून समजावलंत!"

तपासणीबाई चपापल्या. "समजावलं खरं. पण पोर घाबरत असेल, तर तोही धोकाच."

"मी?" टिकली उसळून पुढे आली. "घाबरते ती! पाणी बघितलं की लटलट कापते. मग मी आधी टबात उतरते, तिचा पंजा धरते, तेव्हा कुठे येते बया."

तपासणीबाईंना आठवलं. ही पोर इथे नव्यानं आली तेव्हा नळ सोडला की किंचाळत पलंगाखाली शिरायची. त्यांनीच तिला पाय धरून बाहेर काढलं होतं.

"आता तू रोज आंघोळ करतेस?"

"दोनदा! शेपटी घासायलाच किती वेळ जातो!"

तपासणीबाई तरातरा बाथरूममध्ये गेल्या, मागोमाग त्या दोघीही. टब पाण्यानं काठोकाठ भरलेला होता. गरम पाण्याचा नळ पाहिला, खिडकीची कडी ओढली, फरशीवर पाय घसरतो का तेही पाहिलं. मग त्यांनी तिथूनच कचेरीत फोन लावला. "धोका काही नाही. माझा होकार आहे."

प्लंबरबाईनं टिकलीला उचलून अशी गरगर फिरवली की दोघींचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. त्या धांदलीत टिकलीचा पाय टबाच्या बुचाच्या साखळीत अडकला, बूच निघालं, आणि पाणी निघालं ढुर्रर्र करत!

तपासणीबाई टुणकन स्टुलावर.

"ढेकर दिला तिनं," टिकली म्हणाली. "पाहुणे आले की देते."

तपासणीबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला. "कायद्यानं हे विचारायचा हक्क नाही मला. पण... खाते काय गं ती?"

"साबण!" मायलेकी एकदम ओरडल्या.